घेणाऱ्याचा धर्म

पावसाचा जोर ओसरून आश्विनाची उन्हे पडू लागली, की कुंड्यांतील माती उकरून, वाळवून पुन्हा भरण्याचे दिवस येतात. वसईच्या पट्ट्यात ज्यांच्या घरापुढे एके काळी वाडी होती, बावखलाच्या पाण्यावर जिथे केळी, पानवेली आणि मोगरा पोसला जात होता, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला आता इमारतीतील चार हातांची गॅलरी आली आहे. तरीही हातांना लागलेली मातीची सवय सुटत नाही. गुलाब, जास्वंद, अबोली यांच्या जोडीने एखाद्या गॅलरीत ग्लॅडिओलसची कुंडीही दिसते. वेदीजवळच्या फुलदाणीत, लग्नाच्या मंडपात आणि शवपेटीच्या उशाशीही ज्याचे उंच तुरे आपण पाहतो, तेच हे फूल. बागेत ते सहसा बियांपासून लावीत नाहीत. जमिनीखाली वाढणाऱ्या एका गाठीपासून लावतात. त्या गाठीचा जीवनक्रम जवळून पाहिला, म्हणजे माणसाच्या नीतीविषयीचा एक जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. एकाने दुसऱ्यासाठी स्वतःला किती खर्ची घालावे? हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो आहोत. त्याचीच दुसरी बाजू अशी, की दुसऱ्याने त्याच्याकडून किती घ्यावे? हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ह्या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ती गाठ म्हणजे काय, हे समजून घेऊ. तिला आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो आणि कांद्याच्या जातीचीच समजतो. परंतु कांदा उभा चिरला, तर त्यात एकात एक बसलेले पापुद्रे दिसतात. ती वस्तुतः पानेच असतात, रसाने मांसल झालेली. ग्लॅडिओलसचा कंद चिरला, तर आत सुरणासारखा सलग, घट्ट गर लागतो. पापुद्रे असतात ते फक्त बाहेरून, वाळलेल्या सालीसारखे. हा कंद म्हणजे जमिनीखाली आखडून चपटे झालेले खोड आहे, पिठूळ साठ्याने भरलेले. म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला घनकंद म्हणतात. केशर आणि फ्रीझिया ही ह्याच कुळातील त्याची भावंडे. तीही अशाच घनकंदांतून उगवतात. लॅटिन भाषेत ‘ग्लॅडिअस’ म्हणजे तलवार आणि ‘ग्लॅडिओलस’ म्हणजे लहानशी तलवार. पात्यासारख्या उभ्या पानांवरून हे नाव पडले. त्याच्या रानटी जातींपैकी बहुसंख्य आफ्रिका खंडातील, विशेषतः त्याच्या दक्षिण टोकाकडील आहेत. आज आपल्या बाजारात दिसणारे मोठ्या फुलांचे वाण एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील बागवानांनी केलेल्या संकरांतून पुढे आले.

कुंडीत तो लावणे अवघड नाही. कुंडी निदान फूटभर खोल आणि तेवढ्याच रुंद तोंडाची घ्यावी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती वाहून जात नाही. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण भरावे, कारण ह्या कंदाला ओल हवी असते, पण साचलेले पाणी सोसत नाही, तो कुजतो. ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा, हाताला टणक लागणारा कंद निवडावा. एका कुंडीत असे चारपाच कंद, एकमेकांपासून चार बोटे अंतर ठेवून, कोंबाची बाजू वर आणि सपाट बाजू खाली करून लावावेत. वर आठदहा सेंटिमीटर माती यावी, म्हणजे तुरा वाऱ्याने कलंडत नाही. तरीही काठीचा आधार द्यावाच. ऊन भरपूर हवे. वाणाप्रमाणे दोन ते साडेतीन महिन्यांत तुरा येतो आणि त्याची फुले खालून वर, एकामागून एक, उमलत जातात.

वर हे सारे घडत असताना मातीखाली निराळीच घटना चालू असते. लावलेला कंद आपला साठा मोडून पहिले कोंब आणि पहिली पाने वर पाठवतो. पाने वाढली, की ती सूर्यप्रकाशात अन्न करू लागतात आणि खोडाच्या बुडाशी, जुन्या कंदाच्या डोक्यावर, एक नवा कंद आकार घेऊ लागतो. फुले संपल्यानंतरही पाने सहाआठ आठवडे हिरवी राहतात आणि आपली कमाई ह्या नव्या कंदात साठवतात. ती पिवळी पडली, की पाणी तोडावे आणि माती उकरून पाहावी. वर भरलेला, ताजा, नवा कंद दिसतो. त्याच्या बुडाशी चिकटलेली, सुरकुतलेली, करड्या रंगाची चकती दिसते. आपण आश्विनात लावलेला कंद तो हाच. त्याच्यातले सर्व काही वर गेलेले असते. शेजारी हरभऱ्याएवढी, वाटाण्याएवढी पिल्लेही सापडतात.

हे दृश्य पाहून धार्मिक मनाच्या माणसाला एक शब्द चटकन सुचतो: त्याग. प्रवचनासाठी हा दृष्टान्त आयताच आहे. जुन्याने स्वतःला संपवून नव्याला जन्म दिला, तसे आपणही दुसऱ्यांसाठी झिजावे, असे सांगून मोकळे होता येते. आपल्या भाषेत अशा झिजण्याच्या प्रतिमा विपुल आहेत. चंदन झिजते, मेणबत्ती जळते, समई तेवते. त्या प्रतिमांत सौंदर्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कंदाला त्या मालिकेत बसवण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की त्याग म्हणायला निवड लागते. ‘नाही’ म्हणण्याची शक्यता ज्याच्यापाशी आहे, त्याच्या ‘हो’ला नैतिक मोल असते. कंदाला तशी शक्यता नाही. ओल आणि ऊब मिळाली, की तो खर्ची पडतो. न मिळाली, तर पडत नाही. त्याच्या जागी आपण उदारपणा पाहतो, तो आपल्या मनाचा आरोप आहे. दुसरी गोष्ट अशी, की निसर्गात एखादी गोष्ट घडते, एवढ्यावरून ती माणसाचे कर्तव्य ठरत नाही. ‘असे आहे’ ह्या विधानावरून ‘असे असावे’ हे विधान आपोआप निघत नाही, ही गोष्ट अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने नीतिशास्त्राच्या अभ्यासकांच्या ध्यानात आणून दिली. निसर्गात कंद झिजतो, तसेच निसर्गात मांजर आपले पिल्लू टाकूनही देते. पहिल्यावरून आज्ञा काढायची आणि दुसरे नजरेआड करायचे, हा विचार झाला नाही. सोयीची निवड झाली.

हा केवळ तर्काचा सूक्ष्म भेद आहे, असे कोणी समजू नये. त्याच्याशी माणसांची आयुष्ये जोडलेली आहेत. आपल्या घरांमध्ये ‘झिजली’, ‘खपला’, ‘सगळ्यांसाठी जळली’ अशी प्रशंसा कोणाच्या वाट्याला येते, ते पाहावे. थोरली बहीण नोकरीला लागते आणि धाकट्यांची शिक्षणे पुरी होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय काढू देत नाही. पुढे तो विषय निघतच नाही. एक भाऊ म्हाताऱ्या आईबापांपाशी आणि उरलेल्या वाडीपाशी मागे राहतो, म्हणून बाकीचे मुंबईत, आखातात, दूर देशी आपले आयुष्य उभारू शकतात. सून अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे करते. ह्या माणसांच्या अंत्यविधीला आपण सद्गदित होऊन बोलतो. पण त्यांना कोणी कधी विचारले होते काय? नकार देण्याची मोकळीक त्यांच्यापाशी खरोखर होती काय? जिला नकार देताच आला नसता, तिच्या मुकाटपणाला त्याग म्हणून गौरवणे म्हणजे तिच्याकडून घेतलेल्या गोष्टींवर सुंदर आच्छादन घालणे होय. त्याहून विपरीत हे, की हा गौरव बहुधा घेणारेच करीत असतात. जो पोसला गेला तो पोसणाऱ्याच्या झिजण्याची स्तुती करतो आणि त्या स्तुतीने आपला हिशेब मिटला असे समजतो.

तेव्हा कंदाकडून उपदेश घ्यायचाच असेल, तर तो झिजण्याचा न घेता, कात्री हातात असलेल्या माणसाने काय करावे, ह्याचा घ्यावा. येथे बागकामातील एक साधा नियम उपयोगी पडतो. तुऱ्यातील सर्वांत खालच्या कळीवर रंग दिसू लागला, म्हणजे तुरा काढण्याची वेळ होते. त्या वेळी दांडा फार खालून छाटला, तर तुरा लांब मिळतो, फुलदाणीत अधिक शोभतो. पण त्याच्याबरोबर पानेही निघून जातात. पाने गेली, की नव्या कंदात साठवायला कोणी उरत नाही. जुना कंद तर आधीच रिकामा झालेला असतो. अशा झाडाखाली पुढे बारीकसा, दुबळा कंद सापडतो आणि त्याला पुढल्या वर्षी धड फूल येत नाही. म्हणून जाणते बागवान सांगतात, की तुरा काढताना झाडावर निदान चारपाच पाने राखावीत.

ह्या नियमाचे मर्म पाहावे. तो झाडाला घातलेला नियम नाही. झाड आपल्याला अडवू शकत नाही. दांडा खालून कापला, तरी ते तक्रार करीत नाही. मर्यादा पाळायची ती कापणाऱ्याने. जिथे देणाऱ्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, तिथे ‘पुरे’ म्हणण्याची जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते. हेच तत्त्व माणसांच्या व्यवहाराला लागू आहे. किंबहुना तिथे ते अधिक कठोरपणे लागू आहे. आई ‘मला भूक नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या पानात वाढण्याचे काम मुलांचे असते. नोकर सणाच्या दिवशीही कामावर येतो म्हणतो, तेव्हा त्याला सुटी देण्याचे काम मालकाचे असते. समाजात प्रत्येक समितीवर, प्रत्येक धावपळीत तेच तेच दोन चेहरे दिसतात, तेव्हा ‘ते आनंदाने करतात’ म्हणून स्वस्थ बसण्याचा अधिकार इतरांना पोचत नाही. आपण दिलेल्याचा हिशेब ठेवू नये, हे देणाऱ्याला शोभते. घेतलेल्याचा हिशेब मात्र घेणाऱ्याने ठेवलाच पाहिजे.

तत्त्वज्ञानाच्या परंपरेत ह्या विचाराला आधार आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचा विचार करताना आत्मप्रेमाचाही विचार केला आहे. धन आणि मान यांचा मोठा वाटा ओढून घेणाऱ्याचे आत्मप्रेम त्याने निंद्य ठरवले. परंतु सद्‌गुणी माणसाने स्वतःविषयी बाळगलेले प्रेम इष्ट मानले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रीतीच्या क्रमाची मीमांसा करताना दाखवून दिले, की शेजाऱ्यावरील प्रेम हे स्वतःवरील प्रेमाच्या नमुन्यावर घडवायचे असते आणि नमुन्याला प्रतीच्या आधी स्थान असते. त्यांचा रोख आत्म्याच्या कल्याणावर होता; देहाच्या सुखावर पाणी सोडायला त्यांची हरकत नव्हती. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. ज्याने स्वतःचा आदर करणेच सोडले, त्याच्यापाशी दुसऱ्यावर प्रेम करण्याचे माप उरत नाही. कांटने १७८५ साली हेच वेगळ्या अंगाने मांडले. माणूसपणाला निव्वळ साधन म्हणून कधीही वापरू नये. दुसऱ्यातील माणूसपणाला नाही, तसे स्वतःतील माणूसपणालाही नाही. ह्या तिघांच्या मार्गांत अंतर पुष्कळ आहे, पण देणारा माणूस हा कोणाचा साठा नव्हे, ह्या मुक्कामाला ते तिन्ही मार्ग येऊन मिळतात.

ह्यावर कोणी आक्षेप घेईल, की मग सर्वस्व देणाऱ्यांचे काय? गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त ज्यांनी अक्षरशः जगून दाखवला, त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे उदाहरण पाहावे. १९४१ च्या उन्हाळ्यात ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी नाहीसा झाला, म्हणून अधिकाऱ्यांनी दहा जणांना उपासमारीने मरण्याची शिक्षा फर्मावली. त्यांपैकी फ्रान्सिशेक गायोव्निचेक हा पोलिश सैनिक आपल्या बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. तेव्हा फादर कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्याच्या जागी मरण मागून घेतले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना ठार करण्यात आले.

ह्या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. कोल्बे यांना कोणीही पुढे ढकलले नव्हते. ‘तुम्ही धर्मगुरू आहात, तुम्हाला संसार नाही, तेव्हा तुम्हीच मरा,’ असे दुसऱ्या कोणी म्हटले असते, तर ते वाक्य अधम ठरले असते. तेच वाक्य त्यांच्या मुखातून, स्वतःविषयी आले, म्हणून ते पवित्र झाले. सर्वस्वाचे दान फक्त प्रथम पुरुषी एकवचनात करता येते. ‘मी देतो’ हे वाक्य सार्थ आहे. ‘तू दे’ ह्या वाक्याला तो अर्थ कधीच येत नाही. दुसरी गोष्ट घेणाऱ्याची. गायोव्निचेक छावणीतून जिवंत सुटला आणि १९९५ पर्यंत जगला. मिळालेल्या आयुष्यात तो ठिकठिकाणी जाऊन आपल्याऐवजी कोण मेले, हे लोकांना सांगत राहिला. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोल्बे यांना संत घोषित केले, त्या सोहळ्यालाही तो हजर होता. त्याने जे घेतले, ते मागून घेतलेले नव्हते आणि फेडता येण्यासारखेही नव्हते. त्याने एवढेच केले, की ते घेतलेले आहे, हे जन्मभर लपवले नाही. घेणाऱ्याच्या धर्मातील पहिले कर्तव्य हेच असावे.

दुसरे कर्तव्य शिकण्यासाठी ग्लॅडिओलसच्या भावंडाकडे, केशराकडे वळावे लागते. काश्मीरमध्ये पांपोरच्या परिसरात शरद ऋतूत केशराची जांभळी फुले उमलतात. एकेका फुलातून लाल तंतूंचे एक त्रिकूट मिळते आणि किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुले वेचावी लागतात. ह्या झाडाची एक नवलाची गोष्ट अशी, की त्याला बी धरत नाही. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ आहे. ग्रीसमधील ॲटिका प्रदेशात आढळणाऱ्या एका रानटी जातीपासून ते निर्माण झाले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. तेव्हापासून आजपर्यंत, हजारो वर्षे, हे झाड फक्त कंदांतून आणि माणसाच्या हातांतून पुढे आलेले आहे. कोणी तरी कंद उकरले, वेगळे केले, पुन्हा मातीत ठेवले, म्हणून पुढल्या पिढीला केशर मिळाले. सलग काही वर्षे सर्वांनी हात आखडता घेतला असता, तर लागवडीचे हे झाड हळूहळू नामशेष झाले असते.

येथे घेणे आणि सांभाळणे ह्यांचा धागा एकच आहे. केशर वेचणारा फूल नेतो, पण त्याच्या गवतासारख्या पानांना हात लावीत नाही. ती पाने हिवाळाभर टिकतात आणि त्यांच्याच जोरावर वसंतापर्यंत नवे कंद भरतात. जो घेतो, त्याच्याच हाती घेतलेल्याचे पोषण आहे, आणि हे त्याला ठाऊक असते. आपल्या घरात, गावात, धर्मग्रामात असे कितीतरी बिन-बियांचे गुण आहेत, जे आपोआप रुजत नाहीत. आजारी माणसापाशी रात्र जागणे, बोलीतील जुनी गाणी, भांडण मिटवण्याचे शहाणपण, हे कोणी तरी हातातून हातात दिल्याशिवाय पुढे जात नाही. जे आपल्याला मिळाले, ते पुढे लावणे ही घेणाऱ्याची दुसरी जबाबदारी.

तिसरी जबाबदारी विश्रांतीची. उकरलेला ग्लॅडिओलसचा कंद लगेच पुन्हा कुंडीत लावला, तर तो सहसा उगवत नाही. त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. त्या काळात तो सावलीत सुकवून, हवेशीर आणि थंड जागी ठेवायचा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो निरुपयोगी दिसतो. घाई करणारा त्याला पाणी घालून पाहतो आणि तो कुजवतो. माणसाच्या विसाव्याविषयीही आपली वृत्ती पुष्कळदा अशीच असते. सातव्या दिवसाची विश्रांती ही कामाची बक्षिसी म्हणून सांगितलेली नाही. घरातील चाकर, परका आणि ओझे वाहणारे जनावर, सर्वांचा तो हक्क म्हणून नेमून दिलेला आहे. दुसऱ्याच्या विश्रांतीला आळस म्हणण्यापूर्वी, त्याने आपल्यासाठी काय खर्ची घातले आहे, हे आठवावे.

आता नव्या कंदाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपणही कोणाच्या तरी डोक्यावर वाढलेले नवे कंद आहोत. नवा कंद जुन्याच्या वर तयार होतो. असे दरवर्षी घडत गेले, तर काही वर्षांत कंद मातीच्या वर येऊन उघडा पडायला हवा. तसे होत नाही, कारण नव्या कंदाच्या बुडातून जाड, मांसल मुळे खाली जातात आणि मग आकसतात. आकसताना ती कंदाला मातीत खाली ओढून घेतात. वर चढलेला पुन्हा योग्य खोलीवर येतो. मघाशी आपण निसर्गातून आज्ञा काढायची नाही, असे ठरवले. तेव्हा हीही आज्ञा नव्हे. पण एक चित्र म्हणून ते मनाशी ठेवण्यासारखे आहे. मागल्या पिढीच्या खांद्यावर बसून उंची मिळाली, ती उंची आपली स्वतःची नाही, एवढी जाणीव माणसाला पुरेशी खाली आणू शकते.

शेवटी अशा जागी आलो आहोत, जिथे कंदाचे आणि माणसाचे साम्य संपते. ते कुठे संपते, हे स्पष्ट सांगितले नाही, तर हा सारा दृष्टान्त घातक ठरेल. कंद उकरून सुकवल्यानंतर बागवान बुडाशी चिकटलेली ती जुनी चकती मोडून टाकून देतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. त्या चकतीत जीव उरलेला नसतो. ती तशीच ठेवली, तर तिच्यातील रोग नव्याला लागण्याची भीती असते. माणसाचे तसे नाही. ज्याने सर्व काही वर पाठवले, तो म्हातारा बाप, ती म्हातारी आई, ती अविवाहित थोरली बहीण, ही माणसे रिकामी झाली असली, तरी संपलेली नसतात. ती त्याच घरात, बहुधा सर्वांत लहान खोलीत, जिवंत असतात. त्यांना दुखते, आठवते, अपमान कळतो. वाडी विकून आलेला पैसा मुलांत वाटला जातो, नव्या इमारतीतील सदनिकेवर मुलांची नावे चढतात, आणि मग ज्यांची ती वाडी होती, त्यांना ‘तुम्ही सध्या कोणाकडे?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागतो. २००७ साली आपल्या देशाला आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याची तरतूद त्यात आहे. असा कायदा असणे चांगले. पण तो करण्याची पाळी यावी, ही आपल्या प्रशंसापर भाषणांवरची बोलकी टीका आहे.

म्हणून ‘तुम्ही आमच्यासाठी झिजलात’ हे वाक्य कोणाच्या मरणानंतर बोलण्यासाठी राखून ठेवू नये. ते ऐकणारा कान जिवंत असतानाच बोलावे आणि त्याच्या जोडीला एक प्रश्न विचारावा: ‘तुम्हाला काय हवे आहे?’ उत्तर बहुधा ‘काही नको’ असेच येईल. ज्यांना आयुष्यभर कोणी विचारले नाही, त्यांना मागण्याची सवय राहिलेली नसते. तेव्हा प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही. ह्या वर्षी कुंडीत कंद लावणाऱ्यांनी तुरा कापताना पाने मोजावीत. आणि मोजताना, घरात आपण कोणाकोणाची पाने कापून नेली आहेत, तेही एकदा मोजावे.